खारं लोखंड आधी वाळवू नका: समुद्रातून आलेली जुनी वस्तू टिकवण्याचा क्रम

1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी. ती उठली की पंधरवड्याच्या आत माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. जाळ्यात अडकून आलेला नांगर, साखळीचा तुकडा, कधी तोफेचा गोळा. फोटोत वस्तू बहुतेक एकाच जागी असते: पडवीत, वर्तमानपत्रावर, वर पंखा चालू. खाली प्रश्न: "सर, चांगली वाळवून घेतलीय. आता काय लावू?"

उत्तर मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. वाळवणं ही या कामातली शेवटाकडची पायरी आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. हा लेख फक्त क्रमासाठी आहे. सामान फारसं महाग नाही, हातही फार कुशल लागत नाही, पण पायरी उलटली तर पुढचं सगळं वाया जातं.

मीही हेच करून बसलो होतो. माझा पहिला गोळा मी मे महिन्यात आठवडाभर उन्हात ठेवला, घासला, वॉर्निश लावून कपाटावर मांडला. मृग लागला आणि त्याच्यावर मोहरीएवढे पिवळसर तपकिरी थेंब उभे राहिले. पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. गणपतीच्या सुमाराला झाडताना हात लागला आणि अर्ध्या बोटाचं कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. गोळ्याचा मूळ पृष्ठभाग त्या कवचावर होता. आत उरलं ते खडबडीत लोखंड, ज्यावरून तोफेचा व्यासही काढता येईना.

कारण साधं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. वर्षानुवर्षं पाण्यात पडलेल्या लोखंडात त्यातला क्लोराइड गंजाच्या थरातून आत शिरतो आणि धातूला खेटून बसतो. पाण्याखाली त्याला प्राणवायू बेताचाच मिळतो. बाहेर काढून वाळवलं की हवा भेगांतून आत जाते, गंज नव्याने धरतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि वरचा थर आतून ढकलला जातो. या क्लोराइडवाल्या गंजाला अकागनाइट म्हणतात. आपल्या पावसाळी हवेत तो थांबतच नाही.

थंड, कोरड्या जागी हे होत नसेल असं वाटतं ना? अंटार्क्टिकात केप अडेर इथल्या 1899 सालच्या झोपडीत न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या लोकांना हंटली अँड पामर्स कंपनीचा फ्रूटकेक सापडला. 2017 साली ते जाहीर झालं. शंभरेक वर्षांचा केक जवळजवळ खाण्याजोगा दिसत होता आणि वासही तसाच येत होता. त्याच्यावरचा पत्र्याचा डबा मात्र गंजून गेला होता. थंडीने केक राखला, पण समुद्राच्या मिठाने डबा सोडला नाही. डब्याचं जे उरलं होतं त्यावर गंज काढणं, रसायनाने स्थिर करणं, वर लेप देणं, याच क्रमाने काम झालं. ध्रुवावर काम करणारा संवर्धक आणि मालवणात काम करणारा मी, दोघांचा वैरी एकच.

टप्पा 1: हात लावण्याआधीचे दोन प्रश्न

पहिला: ही फुटेल का? सगळे गोळे भरीव नसतात. काहींच्या पोटात दारू भरून वातीसाठी भोक ठेवलेलं असे. गोळ्याला भोक दिसलं, बूच दिसलं किंवा वस्तू नळकांड्यासारखी, टोकदार, अलीकडच्या काळातली वाटली, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा.

इशारा: अशी वस्तू घासू नका, तापवू नका, भोकात काही घालू नका, घरी आणू नका. बोटीवर असेल तर तिथेच राहू द्या, माणसं लांब करा, पोलिसांना कळवा.

भोक दिसलं नाही म्हणजे नाहीच असंही नाही, ते कवचाखाली दडलेलं असू शकतं. म्हणून वजनाचा हिशेब करा. ओतीव लोखंडाची घनता दर घन सेंटिमीटरला 7.2 ग्रॅमच्या आसपास असते. 10 सेंटिमीटर व्यासाचा भरीव गोळा सुमारे 3.8 किलो भरला पाहिजे. तुमचा अडीच किलोच भरला, तर एक तर तो पोकळ आहे किंवा आतलं लोखंड विरघळून गेलंय. दोन्ही वेळा तो घरच्या पिंपात न जाता जाणकाराकडे गेला पाहिजे.

दुसरा प्रश्न: ही तुमची आहे का? जमिनीत पुरलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथून, त्यांच्या पाण्यातल्या पायथ्यापासूनही, खिळासुद्धा उचलायचा नाही. दिसला तर जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जाळ्यात आलेल्या वस्तूचीही आधी खबर द्या, काम नंतर. पुढचं सगळं आहे ते शाळा, देवस्थानं, गावची छोटी संग्रहालयं आणि ज्यांच्याकडे वस्तू रीतसर आहे त्यांच्यासाठी.

टप्पा 2: पहिला तास, वस्तू ओलीच ठेवा

मालवणच्या एका तांडेल (बोटीचे प्रमुख) काकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "मगे काय, ता पाण्यातच ठेवूक व्हया?" हो काका, पाण्यातच.

बोटीवर असाल तर ज्या समुद्रातून आली त्याच पाण्यात, प्लॅस्टिकच्या टपात, पूर्ण बुडवून. टप नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून प्लॅस्टिक. घरी पोचलात की त्याच दिवशी सोड्याच्या पाण्यात हलवा. नुसत्या गोड्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवू नका, त्यात लोखंड आणखी जोरात गंजतं.

सोड्याचं पाणी म्हणजे धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट, 5 टक्के. इथे एक चूक फार होते. कोरडी पूड असेल तर लिटरला 50 ग्रॅम. मोठे पारदर्शक खडे असतील तर त्यांच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून लिटरला 135 ग्रॅम. खडे 50 ग्रॅमच टाकले तर पाणी फिकं राहतं. आणि खायचा सोडा चालत नाही, नावात सोडा आहे एवढंच.

तपासणी: पीएच पट्टी बुडवा. 11 च्या आसपास यायला हवं. 10 च्या खाली असेल तर सोडा वाढवा.

वस्तू आधीच वाळली असेल तर? थेंब दिसत नसतील, पापुद्रे सुटत नसतील, तरी ती सोड्यात घाला. सुटे पापुद्रे असतील तर फेकू नका. सुती कापडाच्या पट्टीने जागच्या जागी बांधून मग बुडवा.

संवर्धनात धीमेपणा किती लागतो याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. अंटार्क्टिकात, शोधप्रवासी शॅकल्टनच्या केप रॉइड्सच्या झोपडीखाली बर्फात गोठलेली व्हिस्कीची खोकी 2010 साली बाहेर काढली. त्यातलं एक न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात थंड खोलीत ठेवून, तापमान हळूहळू चढवत वितळवलं. शंभर वर्षं एका अवस्थेत राहिलेली वस्तू दुसऱ्या अवस्थेत एका दुपारी आणायची नसते. बर्फातून ऊब असो की समुद्रातून हवा.

टप्पा 3: नोंद

वस्तू पाण्यातून मिनिटभर काढा, फोटो घ्या, परत बुडवा. बाजूला पट्टी ठेवून चारही बाजूंनी. वजन, लांबी, घेर. कुठे, किती वाव खोल पाण्यात, कोणाच्या जाळ्यात, कोणत्या दिवशी, हे आजच लिहा. पुढच्या महिन्यात तांडेल विसरतो आणि तुम्हीही. वहीला पेन नको, पेन्सिल घ्या, ओल्या हाताने शाई जाते. वस्तूला नायलॉनच्या दोऱ्याने प्लॅस्टिकचा क्रमांक बांधा.

लोहचुंबक लावून बघा. जोरात ओढलं तर आत धातू भरपूर आहे. कसंबसं चिकटलं तर लोखंड बरंचसं गेलंय, आणि पुढचे सगळे टप्पे दुप्पट हळू करायचे.

लाकडी दांडा, पितळी कडी, शिशाची भर, कथलाचा मुलामा, चामडं, काच, यातलं काहीही लोखंडाला जोडलेलं असेल तर थांबा. पुढच्या टप्प्यातला कॉस्टिक सोडा लाकूड खातो, काच आणि शिसं-जस्त-कथिलही. अशी जोडवस्तू साध्या सोड्याच्या पाण्यातही जास्त दिवस ठेवू नका, लवकरात लवकर संवर्धन प्रयोगशाळेला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे.

टप्पा 4: कवच उतरवणं

समुद्रात पडलेल्या लोखंडावर वाळू, चुना, शिंपले, कालवं आणि गंज मिळून दगडासारखं कवच धरतं. ते काढावं लागतं, नाही तर मीठ बाहेर यायला वाटच नसते. पण सगळ्यात जास्त वस्तू मरतात त्या इथेच, उत्साहापायी.

ओतीव लोखंडाची गंमत अशी की खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड निघून जातं आणि काळ्या शिशाचा, म्हणजे पेन्सिलीत असतो त्या ग्रॅफाइटचा, सांगाडा तेवढा उरतो. दिसायला आकार अगदी शाबूत. ओतताना उठलेला साच्याचा जोडही दिसतो. पण नखाने ओरखडा उठेल इतकं ते मऊ असतं. मला एका शाळेत एक गोळा दाखवला होता. मुलांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तो चकचकीत केला होता आणि सगळे खूष होते. खाली काळी पूड पडली होती, ती झाडून टाकलेली. खरा गोळा त्या पुडीतच होता.

तर काम असं: वस्तू ओली, खाली वाळूची पिशवी. छोटी हातोडी, छोटी छिन्नी. छिन्नी कवचाला काटकोनात धरून हलके टोले, एकाच जागी नाही, सरकत सरकत. नारळ सोलताना करवंटी फुटू न देता काथ्या काढतो तसं. कवच आपोआप एका थरावर सुटतं, तो थर म्हणजे तुमची सीमा. तिथे थांबायचं. कोपऱ्यांत दातांच्या डॉक्टरांची टोकदार सळई उत्तम चालते. दर दहा मिनिटांनी वस्तू पाण्यात.

ज्या जागी कवच सुटत नाही, ते आज राहू द्या. सोड्यात महिनाभर राहिलं की पुष्कळदा सैल होतं.

इशारा: आम्ल नको. व्हिनेगर नको, लिंबू नको, आणि तांब्या-पितळेची भांडी घासतो म्हणून चिंच किंवा आमसूलही नको. सर्वांत वाईट म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड. ते बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. जो क्लोराइड काढायला आपण महिनोन्महिने बसणार, तोच बाटलीने ओतायचा हा प्रकार.

बॅटरी चार्जर लावून वीज सोडायचे व्हिडिओही मला पाठवले जातात. ती पद्धत खरी आहे, प्रयोगशाळेत वापरतात. पण घरी प्रवाह जास्त झाला की हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी मूळ थर उडतो, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावलंत तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. नका करू.

टप्पा 5: मीठ बाहेर काढणं

हा लेखाचा गाभा आहे आणि कंटाळवाणा आहे. पाण्यात ठेवायचं, थांबायचं, पाणी बदलायचं, पुन्हा थांबायचं.

निव्वळ लोखंडी वस्तूसाठी 2 टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला 20 ग्रॅम. या पाण्यात नवा गंज धरत नाही आणि गंजात अडकलेला क्लोराइड सुटून बाहेर येतो. हात बसलेला नसेल, घरात लहान मुलं असतील, तर धुण्याच्या सोड्याचंच पाणी वापरा. जास्त महिने लागतील एवढंच.

भांडं जाड प्लॅस्टिकचं, घट्ट झाकणाचं. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा घमेलं कधीच नाही: कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. वस्तू तळाला टेकवू नका, प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही पाणी लागेल. झाकण हवंच, उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डाय ऑक्साइड शोषून पाणी मवाळ होतं.

इशारा: आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलटं केलं तर उकळी फुटून तोंडावर येतं. डोळ्यांवर गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर धूत धूतच डॉक्टरकडे.

पाणी कुठलं? बहुतेकांचं इथे बिनसतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीला मचूळपणा असतो, म्हणजे क्लोराइड आधीच आहे. नळाच्या पाण्यातही थोडा असतो. पहिल्या दोन-तीन पाण्यांना नळाचं चालेल, कारण वस्तूतून येणारं मीठ त्याहून कितीतरी जास्त असतं. नंतर मात्र चांगलं पाणी लागतं. मी पावसाचं साठवतो. पण पहिल्या पावसाचं नाही: उन्हाळाभर वाऱ्याने आलेलं मीठ कौलांवर बसलेलं असतं. आषाढात, छप्पर चांगलं धुऊन निघाल्यावर, वारा पडलेला असताना पन्हाळीखाली पिंप लावायचं. शेवटच्या धुण्याला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणतो. बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारी तशाच बाटलीत बॅटरीचं ॲसिडही विकायला असतं.

बदल कधी? पहिला आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने. खिळ्याएवढ्या वस्तूला काही महिने, नारळाएवढ्या गोळ्याला वर्ष-दोन वर्षं सहज, आणि तोफेला कित्येक वर्षं. हे ऐकून अर्धे लोक फोन ठेवतात. ठीक आहे, वेळ नसेल तर वस्तू सोड्याच्या पाण्यात झाकून ठेवा. तिथे ती थांबून राहू शकते. पडवीतल्या पंख्याखाली नाही.

जुनं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात, माडाच्या मुळाशी ओतू नका. सायट्रिक ॲसिडची पूड हळूहळू घालून पीएच 7-8 वर आणा, भरपूर पाण्यात मिसळा, मग ओतून टाका.

टप्पा 6: मीठ संपलं का, हे डोळ्यांनी बघणं

"पाणी आता स्वच्छ दिसतंय" ही तपासणी नव्हे. मीठ दिसत नाही. सिल्व्हर नायट्रेट लागतं. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतं आणि विज्ञानाच्या बाई आनंदाने मदत करतात.

पिंपातलं 10 मिली पाणी काचेच्या नळीत घ्या. त्यात पातळ नायट्रिक ॲसिड थेंब थेंब घाला, पट्टी आम्ल दाखवेपर्यंत. धुण्याचा सोडा असेल तर फसफसेल, बुडबुडे पूर्ण थांबू द्या. ही पायरी गाळली की सोड्यातच तपकिरी किंवा पिवळट साका पडतो आणि लोक त्याला मीठ समजतात. आता सिल्व्हर नायट्रेटच्या 1 टक्का द्रावणाचे चार-पाच थेंब.

नळीमागे काळा कागद धरा. पहिल्या महिन्यात नळीत दही विरजल्यासारखे पांढरे गोळे पडतील. काही महिन्यांनी ताकाएवढं, मग तांदळाच्या धुवणाएवढं, मग नुसती धुक्याची झाक.

दुसरी नळी विसरू नका. त्याच पाण्यात, त्याच पिशवीतला सोडा ताजा मिसळून, तशीच तपासणी करा. बाजारच्या सोड्यात स्वतःचं थोडं मीठ असतंच. तुमच्या पिंपाची नळी या दुसऱ्या नळीसारखी दिसली की वस्तूतून काही येत नाहीये. सलग तीन बदलांना, प्रत्येक वेळी महिनाभर भिजवून, दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या तरच पुढे जा.

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. लग्नाला जायचं असेल त्या आठवड्यात तपासणी टाळा, हा स्वानुभव.

सामान आधी जमवा. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात काम करणाऱ्या संवर्धकांना एखादी बाटली संपली म्हणून दुकान गाठता येत नसे. उन्हाळ्यातच यादी करून सगळं पोचवावं लागे. आपल्याकडे एसटी आहे, तरी गुहागरात रविवारी सिल्व्हर नायट्रेट कोण देणार? पुढच्या दोन टप्प्यांत तर मध्येच थांबता येत नाही. म्हणून धुणं सुरू करण्याआधी टॅनिक ॲसिड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्पिरिट, मेण, ब्रश, डबा, ओल शोषणारं सिलिका जेल, सगळं टेबलावर हवं.

टप्पा 7: धुणं आणि वाळवणं, मध्ये न थांबता

आता वाळवायचं. तेही कधीही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, दुपारी बारा ते चार, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं स्वस्त मीटर 50 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली दाखवत असेल त्याच दिवशी. श्रावणात मीठ संपलं तरी वस्तू जानेवारीपर्यंत पिंपातच राहू दे.

आदल्या दोन-तीन दिवसांत डिस्टिल्ड पाण्याने धुवा, पाणी बदलत. पीएच 8 च्या आसपास आला की पुरे. आता सोड्याचं संरक्षण गेलेलं असतं, तासाभरात नारिंगी झाक येऊ शकते. म्हणून लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन वेळा, दर वेळी काही तास. अल्कोहोल पाणी ओढून घेतं आणि स्वतः पटकन उडतं. बाहेर मोकळ्या हवेत, चुलीपासून लांब उडू द्या. वास पूर्ण गेल्यावरच वस्तू 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या खोक्यात रात्रभर ठेवा.

ग्रॅफाइट झालेली मऊ वस्तू असेल तर ऊब नको. सावलीत, झाकलेल्या डब्यात, आठवडा घेत वाळवा. घाई केली तर भेग पडते.

वाळलेली वस्तू एसीच्या खोलीत नेऊ नका. एसीतून रत्नागिरीच्या रस्त्यावर आलं की चष्म्यावर धुकं बसतं, तेच लोखंडावर बसतं. ध्रुवावर बाहेरची वस्तू उबदार खोलीत आणताना हीच भीती असते, आणि तिथे ती बंद पिशवीत ठेवून हळूहळू ऊब देणं हाच उपाय. इथेही तसंच करा.

टप्पा 8: टॅनिक ॲसिड, मग मेण

घरच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं, ज्यांनी समुद्र नुसता वाऱ्यातून पाहिला, त्यांना टप्पा 5 बहुधा लागत नाही. डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुऊन, वाळवून थेट इथे या.

टॅनिक ॲसिड 3 टक्के, डिस्टिल्ड पाण्यात, थोडं स्पिरिट घालून. ताठ ब्रशने चोळत पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा. चार-पाच हात. तपकिरी गंज निळसर काळा होत जातो. एकदम जाड थर दिला तर वरून चकाकतो आणि आत काहीच होत नाही, त्याला हवा लागते. हिरड्याच्या काढ्याने लोखंड काळं होतं हे आपल्याला माहीत आहे, जुनी शाईही तशीच होई. रसायन तेच, पण काढ्यात बाकीचंही पुष्कळ असतं आणि बुरशी येते. प्रयोगशाळेतलं वापरा.

तपासणी: दोन दिवसांनी भिंगाने बघा. काळ्यावर पुन्हा नारिंगी ठिपका उगवला असेल तर तिथे मीठ राहिलंय. वस्तू परत टप्पा 5 ला. मेण लावून झाकू नका.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ते पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. वस्तू हाताला चटका बसेल न बसेल इतकी कोमट करून ब्रशने लावा, जादाचं कापडाने पुसा. ते नंतर काढता येतं, हाच त्याचा मोठा गुण. वॉर्निश, ऑइलपेंट, बोटीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल, खोबरेल, इंजिन ऑइल, यातलं काहीही नको. तेलावर धूळ बसते, धुळीवर खारी ओल बसते.

टप्पा 9: डबा

मिठाचा शेवटचा कण निघत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे एसएस ग्रेट ब्रिटन हे 1843 सालचं लोखंडी जहाज आहे. त्याच्या पत्र्यात अजूनही मीठ आहे, म्हणून त्याच्याभोवतीची हवा 20 टक्के आर्द्रतेवर ठेवतात. आपल्या जुलैत ती 90 च्या आसपास असते. घर 20 वर आणणं अशक्य, डबा शक्य आहे.

रबरी कडेचा पारदर्शक प्लॅस्टिक डबा, तळाला सिलिका जेल, आर्द्रता दाखवणारं रंगाचं कार्ड बाहेरून वाचता येईल असं. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्यांनी काही होत नाही, जेल किलोच्या मापात घ्या. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. रंग उतरला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास, गार झाल्यावर परत डब्यात. लाकडी कपाट, वर्तमानपत्र, थर्माकोलचा चुरा आत नको.

झाकणावर खडूने तारीख लिहा. मी मेच्या शेवटच्या रविवारी जेल बदलतो, मग दर पंधरा दिवसांनी नुसतं कार्ड वाचतो, झाकण न उघडता. कुणी पाहुणा "जरा बघू" म्हणाला तर डबाच हातात देतो. गेल्या जुलैत एका डब्याचं कार्ड 30 च्या घरातून 40 वर सरकलं. रबराच्या कडेवर मुंग्यांनी माती आणून ठेवली होती. ती काढली, कड पुसली, झाकण लावलं आणि तारीख खोडून नवी लिहिली.